तीन किटांतून एक लँकेस्टर : हर्क्युलिस इंजिनांचा मार्क २ कसा बांधावा

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरचं कुठलंही प्लास्टिक मॉडेल-किट उघडा, आत बहुतेक वेळा चार लांबट, निमुळती मर्लिन इंजिनं निघतात. पण ॲव्रो कंपनीच्या या विमानाचा एक प्रकार असा होता की ज्याच्या पंखांवर गोल तोंडाची, हवेने थंड होणारी ब्रिस्टल हर्क्युलिस इंजिनं होती. हा लँकेस्टर मार्क २. एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली, त्यांतली मार्क २ फक्त ३००. आज जगात जी थोडी लँकेस्टर शिल्लक आहेत ती सगळी मर्लिनवाली. मार्क २ प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही, म्हणून तर तो शेल्फवर हवासा वाटतो.

१/७२ मापात (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं) एअरफिक्स या किट-कंपनीने २०१३ साली मार्क २ चं स्वतंत्र किट आणलं. तेवढं पुरणार असेल तर तेच घ्या आणि हा लेख इथेच सोडा, काही बिघडत नाही. १/४८ मध्ये मात्र स्वतः जोडकाम करण्यात खरी मजा आहे. या मापात तामिया या कंपनीचं लँकेस्टर मिळतं, आणि तामियाचंच ब्यूफायटर मार्क ६ हे दोन इंजिनांचं लढाऊ विमान सुद्धा. ब्यूफायटर मार्क ६ वर हर्क्युलिस ६ किंवा १६ ही इंजिनं होती, आणि लँकेस्टर मार्क २ वरही तीच. ब्यूफायटरला इंजिनं दोन, लँकेस्टरला चार. म्हणजे एक लँकेस्टर आणि दोन ब्यूफायटर, अशी तीन किटं. उरलेल्या सामानाचं काय करायचं, ते शेवटी सांगतो. त्यातूनही विमानं निघतात.

हा मजकूर त्यांच्यासाठी आहे ज्यांनी चारदोन किटं सूचनापत्रकाप्रमाणे बांधली आहेत, पण धड भागावर करवत चालवायला अजून हात धजत नाही.

करवतीआधी थोडा इतिहास

नवखा माणूस किटबॅशिंग, म्हणजे अनेक किटांचे भाग जोडून एक मॉडेल करताना आधी भाग जमवतो आणि मग ते कुठे जोडायचे याचा विचार करतो. उलट करा. विमानाचा तो प्रकार कारखान्यात कसा तयार झाला हे आधी समजून घ्या; कुठे कापायचं ते त्यातूनच कळतं.

लँकेस्टरचा जन्मच जोडकामातून झालेला आहे. ॲव्रोचं मँचेस्टर हे दोन रोल्स-रॉइस व्हल्चर इंजिनांचं विमान त्या इंजिनांच्या दुखण्यांपायी फसलं. मग त्याच धडाला लांब पंख आणि चार मर्लिन लावली गेली, आणि ९ जानेवारी १९४१ ला बीटी३०८ हे पहिलं प्रोटोटाइप उडालं. पुढे चिंता पडली मर्लिनच्या पुरवठ्याची. स्पिटफायर, हरिकेन, हॅलिफॅक्स, मॉस्किटो, सगळ्यांनाच मर्लिन हवं होतं. पुरवठा तुटला तर लँकेस्टर अडून राहू नये म्हणून हर्क्युलिसची सोय करून ठेवली. डीटी८१० हे मार्क २ चं प्रोटोटाइप २६ नोव्हेंबर १९४१ ला उडालं आणि उत्पादनाचं काम आर्मस्ट्राँग व्हिटवर्थकडे गेलं. प्रत्यक्षात अमेरिकेत पॅकार्डने मर्लिन मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली, टंचाईची भीती ओसरली, आणि हर्क्युलिस इंजिनं हॅलिफॅक्स मार्क ३ कडे वळली. मार्क २ मर्लिनवाल्या भावंडांइतका उंच जात नसे, त्यामुळे तो बंद झाल्याचं फारसं कुणाला दुःख झालं नसावं.

आपल्या कामाची गोष्ट यात एकच. त्या काळी ब्रिटिश विमानांत इंजिन, त्याची चौकट, वरचं आवरण आणि शीतकरण असा सगळा जुडगा एका घटकासारखा बांधून पंखापुढच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या आगरोधक भिंतीवर, बोल्टांनी बसवायची पद्धत रुळली होती. मर्लिनऐवजी हर्क्युलिस लावायचं म्हणजे मुख्य बदल फायरवॉलच्या पुढे. पंख तेच, धड तेच, शेपूट तीच, चाकं तीच. आपली करवतही तिथेच चालणार. पंखाच्या पुढच्या कडेला हात लावावा लागला तर समजा, रेषा चुकीच्या जागी आखली गेली आहे.

एक ठरावीक विमान निवडा

“मार्क २” असं मोघम बांधायला बसू नका. एक अनुक्रमांक निवडा आणि त्याच विमानाचे फोटो मिळवा. मार्क २ चे अनुक्रमांक डीएस आणि एलएल या अक्षरांनी सुरू होतात. ही विमानं मोजक्याच स्क्वाड्रनांकडे होती. ६१ व्या स्क्वाड्रनच्या एका तुकडीने सुरुवातीला ती चालवून पाहिली. १९४३ च्या वसंतात ११५ वं स्क्वाड्रन पूर्णपणे मार्क २ वर आलं. कॅनेडियन हवाई दलाची ४०८, ४२६ आणि ४३२, आणि शेवटी ५१४. धडावरची ओळख-अक्षरं अनुक्रमे क्यूआर, केओ, ईक्यू, ओडब्ल्यू, क्यूओ आणि जेआय.

एकच विमान निवडण्याचा आग्रह अशासाठी की मार्क २ मध्ये आपापसांतही फरक आहेत. बऱ्याच विमानांना बॉम्बकक्षाची फुगीर दारं होती, कारण ८,००० पौंडी बॉम्ब सपाट दारांत मावत नसे. काहींच्या पोटाखाली एफएन६४ हा मशीनगनांचा फिरता टरेट होता. नाकाखालचा बॉम्ब-एमरचा (नेम धरून बॉम्ब टाकणाऱ्याचा) पारदर्शक फुगवटा कुठे उथळ, कुठे खोल. धडाच्या बाजूच्या छोट्या खिडक्या कुठे दिसतात, कुठे रंगाखाली गडप. हे सगळं फोटोत पाहून एका कागदावर लिहून काढा, आणि किटमधले कोणते भाग वापरायचे त्यांच्यावर खूण करा. फोटोत एखादी बाजू दिसतच नसेल तर त्याच तुकडीतलं, जवळच्या अनुक्रमांकाचं विमान पाहा.

आणि हो, दुसऱ्या कुणी बांधलेल्या मॉडेलचा फोटो संदर्भ म्हणून धरू नका. त्याची चूक तुमच्याकडे येते, आणि तुमच्याकडून तिसऱ्याकडे जाते.

मापं

१/४८ चं गणित सोपं: खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि ४८ ने भागा. लँकेस्टरचा पंखविस्तार ३१.०९ मीटर, म्हणजे मॉडेलवर साधारण ६४८ मिमी. हर्क्युलिसचा व्यास ५२ इंच, म्हणजे १३२ सेंमी; मॉडेलवर साडेसत्तावीस मिमी. हे इंजिनाचं माप झालं, काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, त्याहून थोडं मोठं. ब्यूफायटरच्या किटमधलं काउलिंग व्हर्नियर कॅलिपरने मोजून बघा, पटतंय का.

मर्लिन बारा सिलिंडरचं, इंग्रजी व्ही आकाराचं, जेमतेम ७८ सेंमी रुंद. हर्क्युलिस म्हणजे दोन रांगांत चौदा सिलिंडर, चहूबाजूंनी गोल. या दोन आकड्यांत आपली सगळी अडचण आहे: उभट, अरुंद नॅसेलच्या (पंखावरच्या इंजिनाच्या घराच्या) तोंडावर रुंद गोल डबा बसवायचा, आणि तो मुळापासून तिथलाच वाटला पाहिजे.

डब्याचं तोंड पंखापासून किती पुढे असावं हेही आधीच ठरवा. त्यासाठी शुद्ध बाजूने काढलेला फोटो शोधा, तिरका चालणार नाही. फोटोत मुख्य चाकाचा व्यास मोजा आणि त्यालाच एकक धरा. पंखाच्या पुढच्या कडेपासून काउलिंगच्या ओठापर्यंतचं अंतर किती चाकं भरतं? सव्वा? दीड? आता किटमधलं चाक मोजा आणि त्या आकड्याने गुणा. ज्या बाजूचं इंजिन मोजताय त्याच बाजूचं चाक घ्या. पलीकडचं चाक कॅमेऱ्यापासून दूर असल्याने लहान दिसतं. अशी तीन वेगळ्या फोटोंवरून मापं घेऊन मधलं धरलं की मिलिमीटरभराच्या आत येतं, आणि डोळ्याला तेवढं पुरतं.

हत्यारं

बारीक दातांची रेझर सॉ, टोकदार सुरी, धातूची पट्टी, कॅलिपर, वर्तुळ कापायचं कंपास-कटर, पातळ प्लास्टिक सिमेंट, सुपरग्लू, दोन भाग मळून करायची इपॉक्सी पुट्टी, अर्धा आणि एक मिमी जाडीची प्लास्टिक शीट, दोन मिमीची पितळी सळई, आणि २४० पासून १००० पर्यंतचे पॉलिश पेपर. फार महागडं यात काही नाही. कुठे हात सैल सोडायचाच असेल तर करवतीवर सोडा. जाड पात्याची करवत एका कापात मिलिमीटरभर प्लास्टिक खाते, आणि ते परत येत नाही.

घासताना पाणी लावून घासा. धूळ उडत नाही, कागद लवकर भरत नाही. रेझिनचे भाग वापरणार असाल तर हा नियम मोडू नका आणि मास्क लावा. ती धूळ फुप्फुसाला वाईट.

कापणं

नॅसेलचे डावे-उजवे अर्धे आधी चिकटवून पूर्ण वाळू द्या. सुटे अर्धे वेगवेगळे कापले तर जोडताना पायरी पडते. चिकटवण्याआधी कापरेषेच्या आत, पंखाच्या बाजूला, प्लास्टिक शीटचा एक आडवा पडदा बसवला तर उत्तम: कापताना भाग दबत नाही, आणि पुढे तोच आपला फायरवॉल होतो.

रेषा आखण्यासाठी लेबल छापायची जाड चिकटपट्टी वापरा. साधी मास्किंग टेप करवतीला वाट दाखवण्याइतकी ताठ नसते. पट्टी नॅसेलभोवती गुंडाळा. फिरून आलेलं टोक सुरुवातीला बरोबर भेटलं पाहिजे. भेटलं नाही तर पट्टी तिरकी आहे. आता पट्टीच्या कडेने सुरीच्या पाठीने तीन-चार वेळा हलकी रेघ ओढा, मग करवत. एका बाजूने सुरुवात करून थेट आरपार जायचं नाही. थोडं कापायचं, नॅसेल फिरवायचं, पुन्हा थोडं, असं चहूबाजूंनी आत जायचं. कापरेषेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला, अर्धा मिमी ठेवा आणि तो पॉलिश पेपरवर घासून काढा. पेपर काचेवर पसरायचा आणि नॅसेल उभं धरून आठाच्या आकड्यासारखं फिरवायचं. कड सपाट होते.

कापलेली मर्लिन टाकून देऊ नका. चारही डबीत ठेवा.

चारही नॅसेल कापून झाल्यावर दोन आतली एकमेकांशी आणि दोन बाहेरची एकमेकांशी पडताळा. आतली आणि बाहेरची सारखी नसतात, कारण आतल्यांत चाकं मावतात. चौघांची लांबी एकच करायला जाल तर घोळ होईल.

जोडकडी

या कामाचा जीव इथे आहे, म्हणून घाई नको.

एक मिमीच्या शीटमधून काउलिंगच्या मागच्या तोंडाच्या आतल्या व्यासाची चार वर्तुळं कापा. प्रत्येकाच्या मध्यात दोन मिमीचं भोक. हीच वर्तुळं एकावर एक बसवून जाडी वाढवता येते, पण सुरुवातीला एक पुरे. नॅसेलच्या फायरवॉलवरही भोक हवं, आणि ते कुठे पाडायचं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कापण्याआधी मर्लिनच्या प्रोपेलरचा मध्य पंखाच्या तुलनेत किती वर होता ते मोजून ठेवलेलं असेल तर तिथून सुरुवात करा, आणि समोरून काढलेल्या फोटोशी ताडून वर-खाली सरकवा. पितळी सळई दोन्ही भोकांतून घातली की काउलिंग सळईवर मागेपुढे सरकवता येतं, फिरवता येतं, आणि गोंद न लावता पाहिजे तितका वेळ बघता येतं.

बघायचं काय? पंख सपाट टेबलावर ठोकळ्यांवर ठेवा. लँकेस्टरचे बाहेरचे पंख वर चढत जातात, म्हणून बाहेरची इंजिनं आतल्यांपेक्षा उंच दिसतात. पण चारही सळया वरून पाहिल्यावर एकमेकींना समांतर आणि धडाच्या मध्यरेषेला समांतर असल्या पाहिजेत. सळया मुद्दाम लांब ठेवा, वीतभर. डब्याच्या तोंडाशी अर्ध्या अंशाचा तिरकेपणा कळत नाही. वीतभर सळईच्या टोकाला तो लगेच कळतो. चारही सळया जुळल्या की सुपरग्लूचा एक थेंब फायरवॉलवर, मग पुन्हा बघा, मग पक्कं करा. नंतर जास्तीची सळई कापून टाका.

आता राहिला तो मधला भाग: मागे उभट नॅसेल, पुढे गोल काउलिंग. काउलिंगच्या मागच्या कडेला शीतकरणाचे गिल असतात, म्हणजे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या. त्यांच्या मागे नॅसेल लगेच आत वळतं. अर्ध्या मिमीच्या शीटच्या चिंचोळ्या पट्ट्या कापून वर्तुळाच्या कडेपासून नॅसेलपर्यंत बरगड्यांसारख्या आठ-दहा ठिकाणी चिकटवा. या पट्ट्यांमुळे आकार आधी डोळ्यांना दिसतो. बाजूने पुट्टी जास्त लागेल, वरखाली कमी, हेही इथेच कळतं. मग बरगड्यांमधल्या खळग्यांत इपॉक्सी पुट्टी भरा. एकाच वेळी सगळी नाही. पहिला थर बरगड्यांच्या जरा खालीच राहू द्या, रात्रभर वाळवा, मग दुसरा पातळ थर ओल्या बोटाने ओढून घ्या. ओली पुट्टी पाण्याने जितकी गुळगुळीत कराल तितकं घासणं वाचतं.

गिल आधी झाकून ठेवा. त्यांच्या फटीत एकदा पुट्टी गेली की ती सुईने कोरत बसावं लागतं. गिल उघडे दाखवायचे की मिटलेले, हेही आत्ताच ठरवा, आणि चारही सारखे ठेवा.

चारही नॅसेल एकाच वेळी करावीत असं मला वाटतं. एक पूर्ण करून दुसरं घेतलं की चौथ्यापर्यंत हात सुधारलेला असतो आणि पहिलं परकं दिसायला लागतं. एक थर चौघांना, दुसरा थर चौघांना. कंटाळवाणं आहे खरं. आकार तपासायला पुठ्ठ्याचे साचे करा: वरून एक, बाजूने एक. साचा चौघांवरून फिरवला की कुठे फुगलंय, कुठे बसलंय ते उजेडात धरल्यावर दिसतं.

दोन ब्यूफायटर किटं घ्यायची नसतील तर एकाच किटच्या काउलिंगचा सिलिकॉन साचा करून रेझिनमध्ये प्रती ओतता येतात, स्वतःच्या वापरापुरत्या. पण पहिल्याच जोडकामात साचे-ओतकाम शिकायला बसणं म्हणजे दोन आघाड्यांवर लढणं. शिवाय पुढचा ब्यूफायटरचा बेत मग हुकतो.

काउलिंगवरचे बारकावे

ब्यूफायटरचं काउलिंग जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नका. ब्यूफायटरमध्ये ऑइल कूलर पंखाच्या पुढच्या कडेत बसवलेला होता, त्यामुळे किटमध्ये तो काउलिंगसोबत येत नाही. लँकेस्टरच्या पंखात तशी जागा नाही. हवा आत घेणारी तोंडं आणि धुराच्या नळ्या यांची जागा, लांबी आणि कोणती बाजू हे निवडलेल्या विमानाच्या फोटोवरूनच घ्या. ही तोंडं प्लास्टिक शीटच्या पट्ट्या वाकवून किंवा स्प्रूचा (किटचे भाग जिला जोडलेले येतात त्या चौकटीचा) जाड तुकडा घासून सहज होतात.

प्रोपेलरबाबत एक इशारा. लँकेस्टर किटचे प्रोपेलर इथे वापरू नका. मर्लिनचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या दिशेने फिरतो, हर्क्युलिसचा उलट. पात्यांचा पीळ त्यामुळे उलटा असतो. ब्यूफायटरचेच प्रोपेलर घ्या, आणि स्पिनरचा, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या टोपीचा, आकार फोटोशी ताडा. स्पर्धेतला परीक्षक हे सगळ्यात आधी बघतो. शेजारी कधीच बघत नाही. तुम्ही कुणासाठी बांधताय त्यावर किती मनावर घ्यायचं ते ठरवा.

पोटाची दारं

फुगीर दारं हवी असतील तर सपाट दारांवरच फुगवटा चढवा. लांबीच्या दिशेने मध्यावर शीटची एक उभी पट्टी चिकटवा. तिची कड बाजूच्या फोटोत दिसणाऱ्या वक्रतेप्रमाणे कापलेली. तिला आडव्या, कमानीसारख्या पाच-सहा पट्ट्या. मधल्या जागा पुट्टीने भरून घासायच्या. नॅसेलवर जे केलं तेच, फक्त मोठ्या आकारावर, आणि सरळ रेषेत असल्याने सोपं. शेवटी दारांची मधली फट पुन्हा कोरायला विसरू नका. दारं मिटलेलीच ठेवा. उघडी दाखवायची तर आतला बॉम्बकक्ष भरावा लागेल, आणि मूळ काम बाजूला पडेल.

पोटाखालचा एफएन६४ टरेट असेल तर तो स्पेअरच्या डबीतल्या एखाद्या पारदर्शक भागातून निघू शकतो. नसेल तर तो नसलेलं विमान निवडा.

जोडणी आणि प्रायमर

इथून पुढे सूचनापत्रक पुन्हा उपयोगाला येतं. लँकेस्टर शेपटीच्या चाकावर बसतं, त्यामुळे नाकात वजन भरायची कटकट नाही.

जुन्या साच्यांच्या किटांवर पॅनेलरेषा कधी उठावाच्या असतात, नव्यांवर कोरलेल्या. दोन किटांचे भाग शेजारी आले की हा फरक रंगाखालीही जाणवतो. नॅसेलपुरत्या उठावाच्या रेषा घासून तिथे सुईने कोरून घेतल्या तरी पुरतं. सबंध विमान पुन्हा कोरण्याच्या फंदात पडलेली कित्येक मॉडेलं वर्षानुवर्षं खोक्यात पडून असतात.

फिकट करड्या प्रायमरचा थर जोडांवर आधी मारा. पांढरं प्लास्टिक, रंगीत पुट्टी, पितळ, जुना गोंद यांच्या गोंधळात डोळा फसतो. सगळं एका रंगात आलं की खड्डे-फुगे दिसतात. भरा, घासा, पुन्हा प्रायमर. दोन-तीन फेऱ्या होतात, त्यात काही गैर नाही.

रंग

वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थची ठरावीक नक्षी, खालून आणि धडाच्या बाजूंवर वरपर्यंत नाईट हा काळा. ओळख-अक्षरं आणि अनुक्रमांक मंद लाल. नाईट म्हणून शुद्ध काळा मारला की मॉडेल भोकासारखं दिसतं, सगळे बारकावे गिळतं. काळ्यात थोडा गडद करडा मिसळा आणि दारांवर, नॅसेलखाली किंचित फिका-गडद फरक ठेवा.

हर्क्युलिसची खूण पटवणारी जागा म्हणजे काउलिंगचा पुढचा ओठ. हा भाग म्हणजे धूर गोळा करणारं कडं. इंजिनाचा धूर समोरून या कड्यात येतो आणि तिथून नळीवाटे मागे जातो. तो काळा रंगवू नका. तापून रंग पालटलेला धातू हवा: गडद तपकिरी, वर पितळेची छटा, कुठे निळसर झाक. आधी गडद तपकिरी मारा, वाळू द्या, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने थोडा कांस्य रंग कडेवरून ओढा. नळीच्या तोंडाजवळ काजळी, आणि तिची शेपटी पंखावर मागे ओढलेली. चारही इंजिनांची काजळी तंतोतंत सारखी नसावी.

लँकेस्टर किटमधल्या डिकलांतली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांतली) गोल चिन्हं चालतील. अक्षरं आणि अनुक्रमांक वेगळ्या डिकल-शीटवरून घ्या किंवा स्टेन्सिल कापून रंगवा. डिकल लावण्याआधी चमकदार क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निश, नंतर मॅट.

उरलेली मर्लिन

डबीतली चार मर्लिन आता काढा. लँकेस्टरला हर्क्युलिस मिळालं ते मर्लिनच्या टंचाईच्या भीतीने. ब्यूफायटरला नेमकी उलटी भीती होती. हर्क्युलिस कमी पडेल म्हणून त्याचा मार्क २ मर्लिन २० वर काढला गेला, आणि त्यासाठी लँकेस्टरवर होता तसाच मर्लिनचा जुडगा वापरला. अशी सुमारे ४५० ब्यूफायटर बांधली गेली आणि रात्रीच्या लढाऊ स्क्वाड्रनांना गेली, त्यांत पोलिश वैमानिकांचं ३०७ होतं, कॅनेडियन ४०६ होतं. तुमच्याकडे इंजिनाविना दोन ब्यूफायटर पडली आहेत आणि चार मर्लिन. हिशेब जुळतो.

रीत तीच: फायरवॉलवर काप, सळई, बरगड्या, पुट्टी. या वेळी गोल नॅसेलवर अरुंद इंजिन बसवायचं असल्याने पुट्टी पुढून मागे न उतरता मागून पुढे उतरत येते. दोनच बाबी जास्तीच्या. मार्क ६ चं आडवं शेपूट दोन्ही बाजूंना १२ अंश वर उचललेलं असतं. मार्क २ पैकी बहुतेकांचं सपाट होतं. शेपटाचे दोन्ही भाग मुळाशी थोडे तिरके घासून सपाट बसवा. आणि मागच्या निरीक्षकाच्या घुमटातली मशीनगन लावू नका, ती मार्क २ वर नव्हती. नाकावर आणि पंखांवर एआय मार्क ४ या शत्रूची विमानं शोधणाऱ्या रडारचे बाणासारखे एरियल तापवून ताणलेल्या स्प्रूतून करा, पण ते अगदी शेवटी, रंग आणि क्लिअर वाळल्यावर. नाहीतर प्रत्येक वेळी विमान हातात धरताना ते तुटत राहतील.